लहान मुलांचं नेत्ररोपण: पहिल्या पांढऱ्या डागापासून शेवटच्या टाक्यापर्यंत आई-बापांनी काय करायचं

"बाळाच्या डोळ्यात फूल पडलंय." बहुतेक आई-बाप आमच्याकडे हेच वाक्य घेऊन येतात. लहान मुलांच्या डोळ्यांच्या ओपीडीत पालकांना समजावून सांगणं हे माझं काम. ऑपरेशन डॉक्टर करतात. पण त्याआधी काय तयारी ठेवायची, घरी गेल्यावर काय सांभाळायचं आणि कधी रात्रीच गाडी पकडून परत यायचं, हे आम्ही सांगतो. तेच इथे सविस्तर लिहिते आहे.

एक गोष्ट मी प्रत्येक आई-बापाला सगळ्यात आधी सांगते. मोठ्या माणसाचं नेत्ररोपण झालं की मोठं काम उरकलेलं असतं, लहान मुलाचं मात्र तिथे सुरू होतं. बसवलेली काच लख्ख राहिली आणि तरीही मूल त्या डोळ्याने बघायला शिकलंच नाही, असं होऊ शकतं. बघायला मेंदू शिकतो, आणि त्याचं शिकण्याचं वय फार लवकर सरतं.

नेमकं काय बदलतात

नेत्ररोपणात अख्खा डोळा बदलत नाहीत. बदलतात तो कॉर्निया, म्हणजे बुबुळाच्या रंगीत भागावर घड्याळाच्या काचेसारखी बसलेली पारदर्शक काच. मध्यभागी ती जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असते. तिच्यात रक्तवाहिन्या नसतात, म्हणून ती पारदर्शक असते. तिच्या सगळ्यात आतल्या थरातल्या पेशी पंपासारख्या पाणी बाहेर काढत राहतात. हा पंप जन्मतःच अशक्त असेल तर काच सुजते आणि दुधाळ दिसते. जखमेने किंवा जंतुसंसर्गाने काचेवर व्रण पडला तर तो डाग म्हणजे फूल. दोन्हींत काच पांढरी दिसते, पण उपाय वेगळे असतात. म्हणूनच निदानाआधी "नेत्ररोपण लागेल" असं कोणी सांगितलं तर लगेच मान डोलवू नका.

पहिलं काम: दिवस मोजायला लागा

बाळ जन्मल्यापासून दोन्ही डोळे पांढुरके असतील तर "सहा महिन्यांचं होऊ दे, मग बघू" हा सल्ला ऐकू नका, मग तो कोणाचाही असो. पहिल्या दोन-तीन महिन्यांत बाळाचा मेंदू नजर रोखायला शिकतो. तेवढ्या काळात डोळ्यात स्पष्ट चित्रच पोचलं नाही, तर डोळे सारखे हलत राहतात, नजर ठरत नाही, आणि मग कितीही चांगलं ऑपरेशन केलं तरी गेलेलं पूर्ण भरून येत नाही. एकाच डोळ्यात डाग असेल तर घरच्यांना घाई वाटत नाही, कारण बाळ दुसऱ्या डोळ्याने छान बघत असतं. तिथे धोका उलट जास्त असतो. मेंदू चांगल्या डोळ्यावर विसंबतो आणि दुसऱ्याकडे दुर्लक्ष करायला शिकतो. यालाच आळशी डोळा म्हणतात.

आपल्याकडे एक गोष्ट हमखास होते, तीही सांगते. बाळाचे डोळे मोठे असले की सगळे कौतुक करतात, "काय टपोरे डोळे आहेत!" पण त्या टपोऱ्या डोळ्यांतून सतत पाणी येत असेल, उजेडात बाळ डोळे मिटून तोंड खांद्यात खुपसत असेल आणि बुबुळ निळसर-धुरकट दिसत असेल, तर तो जन्मजात काचबिंदू असू शकतो. डोळ्यातला दाब वाढल्याने काच ताणली जाते आणि सुजते. त्यात आधी दाबाचं ऑपरेशन करावं लागतं. ते वेळेवर झालं तर पुष्कळ मुलांची काच आपोआप निवळते आणि नेत्ररोपणाची वेळच येत नाही. हे काम दिवसांत व्हायला हवं. महिने घालवायला जागाच नसते.

जवळ नेत्ररोग तज्ज्ञ नसेल तर जिल्हा रुग्णालयात जा. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम चालू आहे. त्याची पथकं अंगणवाडीत आणि शाळेत येऊन १८ वर्षांपर्यंतच्या मुलांना तपासतात. आशाताईंना डाग दाखवला तरी पुढे पाठवण्याची वाट निघते.

आणि तोपर्यंत डोळ्यात काही घालू नका. काजळ, तेल, मध, आईचं दूध, झाडपाल्याचा रस, काहीच नाही. साध्या डागावर असं औषध घातल्याने जंतुसंसर्ग झाला आणि काच वितळायला लागली, अशी बाळं मी पाहिली आहेत.

चुन्याबद्दल थोडं थांबून

विषय जरा बाजूला जातो आहे, पण मला हे सांगितल्याशिवाय राहवत नाही. दोन-पाच वर्षांची धडधाकट मुलं ज्या कारणांनी आमच्याकडे येतात त्यातलं एक म्हणजे तंबाखूबरोबर मिळणारी चुन्याची पुडी किंवा ट्यूब. मूल ती खेळणं म्हणून दाबतं, ती फुटते आणि चुना थेट डोळ्यात उडतो. चुना अल्कली आहे. तो वरवर राहत नाही, आत झिरपत जातो आणि कॉर्नियाच्या कडेच्या, वरचा थर पुन्हा घडवणाऱ्या मूळ पेशीही मारतो. त्या पेशी गेल्या की नुसतं नेत्ररोपण टिकत नाही, आधी तो काठ दुरुस्त करावा लागतो.

असं झालं तर दवाखान्याकडे धावण्याआधी जिथे असाल तिथेच नळाखाली, तांब्याने, बाटलीने, जे मिळेल त्या स्वच्छ पाण्याने डोळा उघडून धुवा. निदान १५ ते ३० मिनिटं, मूल कितीही रडलं तरी. पापणी उलटून अडकलेले खडे स्वच्छ रुमालाच्या टोकाने निघत असतील तर काढा, चोळू मात्र नका. मग दवाखाना गाठा. वाटेतही पाणी सोडत राहा.

माणसाच्या डोळ्यावरचं पहिलं यशस्वी पूर्ण जाडीचं, म्हणजे काचेचे सगळे थर बदलणारं, नेत्ररोपण ७ डिसेंबर १९०५ रोजी आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या ओलोमोउत्स गावी डॉ. एदुआर्द झिर्म यांनी केलं. रुग्ण होता चुन्याने दोन्ही डोळे भाजलेला एक मजूर. आणि त्याला मिळालेली काच होती एका ११ वर्षांच्या मुलाची, ज्याचा जखमी डोळा काढावा लागला होता. तेव्हापासून एवढी वर्षं लोटली, आणि चुन्याने भाजलेली मुलं आजही येतात. घरात तंबाखू खाणारं कोणी असेल तर पुडी उंचावर ठेवा, एवढं तरी आज करा.

दुसरं काम: निदान पक्कं करून घ्या

चिमुरडं बाळ डोळा उघडून बसत नाही, म्हणून भूल देऊन तपासणी करतात. पालक यालाच ऑपरेशन समजून घाबरतात. हे ऑपरेशन नाही. बाळ झोपलेलं असताना डोळ्यातला दाब, काचेची रुंदी आणि जाडी, डागाची खोली, आतलं भिंग हे सगळं पाहतात. काचेतून आत दिसत नसेल तर डोळ्याची सोनोग्राफी करून पडदा जागेवर आहे का तेही बघतात. नवजात बाळाचा कॉर्निया साधारण १० मिलिमीटर रुंद असतो आणि दोन वर्षांत तो मोठ्यांच्या मापाला येतो. ही मापं पुढच्या प्रत्येक भेटीत उपयोगी पडतात, तेव्हा कागद जपून ठेवा.

डॉक्टरांना नेमकं काय विचारायचं? कारण कोणतं आहे, ते नावासकट लिहून घ्या. पीटर्स अ‍ॅनोमली असेल तर मधला डाग जन्मतः असतो आणि कधी कधी बुबुळ किंवा भिंग त्याला आतून चिकटलेलं असतं. अशा बाळाचं हृदय, मूत्रपिंड, वाढ हेही तपासून घ्यावं लागतं. सीएचईडी नावाचा आजार असेल तर आतला पंपच आनुवंशिक दोषाने अशक्त असतो. नात्यात लग्न झालेल्या घरांत तो जास्त दिसतो. हे मी दोष द्यायला सांगत नाही. मामाच्या मुलीशी लग्न केलं म्हणून सुनेला बोल लावणारी घरंही मी पाहिली आहेत, त्यांना मी सरळ सांगते की दोषाची जनुकं आई आणि बाप दोघांकडूनही यावी लागतात. पण पुढच्या बाळाच्या वेळी जन्मल्याबरोबर डोळे तपासायचे, हे त्यामुळे कळतं.

बाळाचे जन्मापासूनचे मोबाइलमधले फोटो घेऊन जा. डाग वाढतोय की निवळतोय, हे फोटोंतून चटकन कळतं.

तिसरं काम: नेत्ररोपण खरंच हवं का, हे विचारा

लहान मुलात नेत्ररोपण हा शक्यतो शेवटचा पर्याय असावा, असं माझं मत आहे आणि मी ज्यांच्याबरोबर काम केलं ते बहुतेक डॉक्टरही असंच मानतात. मुलाचं शरीर परकी काच नाकारायला मोठ्यांपेक्षा जास्त तत्पर असतं.

डाग मध्यभागी असून कडेची काच स्वच्छ असेल, तर बाहुली मोठी करणारे थेंब किंवा बुबुळाचा छोटा तुकडा कापून बाजूला खिडकी करणं, एवढ्यावर भागू शकतं. त्यात परकी पेशी नाही, नाकारण्याची भीती नाही. डाग वरच्या थरांतच असेल तर फक्त पुढचे थर बदलून मुलाचा स्वतःचा आतला थर राखता येतो. उलट फक्त आतला थर बिघडला असेल, जसा सीएचईडीमध्ये, तर तेवढाच पातळ थर आतून बसवतात. त्यात टाके फारच थोडे लागतात आणि डोळ्याची ताकद शाबूत राहते. सगळीच जाडी खराब असेल तेव्हाच पूर्ण जाडीचं रोपण.

एक डोळा उत्तम आणि दुसरा जन्मतः खूप बिघडलेला असेल, तेव्हा निर्णय सर्वात अवघड. इथे तज्ज्ञांतही मतं वेगवेगळी असतात. विचारायचा प्रश्न असा: "ऑपरेशन चांगलं झालं आणि आम्ही सगळं नीट केलं, तर या डोळ्याने हिला काय दिसेल? चेहरा ओळखता येईल की वाचता येईल?" आणि दुसरा प्रश्न: "तुमच्याकडे या आजाराच्या किती मुलांची काच दोन वर्षांनी स्वच्छ होती?" चांगले डॉक्टर या प्रश्नाने रागावत नाहीत. दुसरं मत घ्यायला संकोच करू नका. हैदराबादचं एल. व्ही. प्रसाद, चेन्नईचं शंकर नेत्रालय, मदुराईचं अरविंद, दिल्लीच्या एम्सचं आर. पी. सेंटर इथे मुलांच्या कॉर्नियाचं काम मोठ्या प्रमाणावर होतं. विदर्भ, मराठवाड्यातल्या पुष्कळ घरांना हैदराबाद मुंबईपेक्षा सोयीचं पडतं.

ठिकाण निवडताना माझा एक आग्रह असतो. ऑपरेशनपुरता विचार करू नका. पहिल्या वर्षात तिथे दहा-पंधरा खेपा होणार आहेत. दूरचं हॉस्पिटल निवडलंत तर टाका सैल झाल्यावर त्याच दिवशी बघतील असे गावाजवळचे डॉक्टर कोण, हे आधीच ठरवा आणि दोन्ही डॉक्टरांचं फोनवर बोलणं करून द्या.

काच कुठून येते, पैसे कुठून येतात

काच नेत्रदानातून येते. मृत्यूनंतर शक्यतो सहा तासांच्या आत ती काढतात आणि नेत्रपेढीत तपासून थंड द्रावणात ठेवतात, द्रावणानुसार चार दिवसांपासून दोन आठवड्यांपर्यंत. रक्तगट जुळवावा लागत नाही. मुलाला मुलाचीच काच लागते असंही नाही. अगदी तान्ह्या दात्याची काच तर मऊ पडते म्हणून टाळतात. "आमचा एक डोळा द्यायला तयार आहोत" असं म्हणणारे बाप दरवर्षी भेटतात. तसं करता येत नाही आणि करायची गरजही नसते. १९९४ च्या कायद्याने अवयव आणि ऊतींची विक्री गुन्हा आहे. नेत्रपेढी तपासणी-साठवणुकीचा खर्च घेऊ शकते, पण "काच मिळवून देतो" म्हणून पैसे मागणारा माणूस भेटला तर त्याला वाटेला लावा.

नोंदणी केल्यावर फोन कधीही येऊ शकतो. दोन्ही फोन नंबर चालू ठेवा. खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेच्या अंगीकृत रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेले असतात. शिधापत्रिका, आधार आणि बाळाचा जन्मदाखला घेऊन त्यांना भेटा आणि तुमच्या मुलाच्या निदानाला पॅकेज लागू आहे का, ते ऑपरेशनच्या आधीच विचारा.

ऑपरेशनचा दिवस

पोट रिकामं ठेवण्याचे नियम पाळण्यात सर्वात जास्त चुका होतात. आईचं दूध भुलेच्या ४ तास आधीपर्यंत, वरचं किंवा पावडरचं दूध, बिस्किट, पेज ६ तास आधीपर्यंत, नुसतं पाणी २ तास आधीपर्यंत. हॉस्पिटलने वेगळी वेळ दिली तर तीच पाळा. आजी दया येऊन चमचाभर दूध पाजते आणि मग ऑपरेशन पुढे ढकलावं लागतं. आजीला आधीच सांगा की भुलेत उलटी झाली तर ती फुप्फुसात जाते. सर्दी, खोकला, ताप असेल तर लपवू नका. काच आली आहे म्हणून तारीख हातची जाईल या भीतीने ताप लपवणारे पालक मला समजतात, पण भूलतज्ज्ञांना सगळं कळलंच पाहिजे.

आत काय होतं ते थोडक्यात. मुलाचा डोळा मऊ असतो, काच काढल्याबरोबर तो आत बसतो आणि आतलं भिंग पुढे ढकललं जातं. म्हणून डोळ्याभोवती आधाराचं कडं शिवतात, दाब कमी करणारी औषधं देतात आणि नवी काच किंचित मोठी कापतात. ती केसापेक्षाही बारीक नायलॉनच्या साधारण १६ सुट्या टाक्यांनी बसवतात. एक ते दोन तास लागतात. आतला पातळ थर बसवला असेल तर डोळ्यात हवेचा बुडबुडा सोडतात आणि बाळाला काही तास उताणं ठेवावं लागतं. त्या तासांत बाळाला कोणी मांडीवर घ्यायचं नाही, तेव्हा पाळण्याशेजारी कोण बसणार, हे आधी ठरवा.

घरी आल्यावर

डोळ्यावर प्लास्टिकची जाळी दिवस-रात्र, डॉक्टर सांगेपर्यंत. बाळ हात लावत असेल तर कोपराला कागदाची नळी किंवा मऊ पट्टी गुंडाळा, म्हणजे हात डोळ्यापर्यंत वाकत नाही.

थेंब हाच या घरातला नवा धर्म समजा. सुरुवातीला स्टिरॉइडचे थेंब दर तासा-दोन तासांनी असतात, मग हळूहळू कमी होतात. भिंतीवर तक्ता लावा, घातला की खूण करा. दुधाळ दिसणाऱ्या स्टिरॉइडचं औषध तळाशी बसतं, बाटली हलवूनच वापरा. दोन वेगळ्या थेंबांमध्ये पाच मिनिटं जाऊ द्या. मूल डोळे घट्ट मिटत असेल तर उताणं झोपवून नाकाजवळच्या कोपऱ्यात थेंब टाका आणि शांत राहा. डोळा उघडला की थेंब आपोआप आत जातो. मग एक-दोन मिनिटं तोच कोपरा बोटाने हलका दाबून धरा, म्हणजे औषध नाकातून पोटात कमी जातं. डोळा छान दिसतोय म्हणून थेंब स्वतःच्या मनाने कधीच बंद करायचे नाहीत. आणि आजोबांचे काचबिंदूचे थेंब बाळाच्या थेंबांपासून लांब ठेवा. त्यातलं ब्रिमोनिडीन दोन वर्षांखालच्या बाळाला गुंगी आणतं, श्वास मंदावू शकतं.

आपल्या घरांतल्या काही रीती या काळात थांबवाव्या लागतात. आंघोळीनंतरची ओवा-शेपांची धुरी नको. डोक्याची जोरकस मालिश नको. न्हाऊ घालणाऱ्या बाईंना स्वतः समोर बसून समजावा, डोक्यावरून तांब्या नको, चेहरा ओल्या फडक्याने पुसायचा. गुलाल, रंगपंचमी, फटाके यांपासून लांब. लसीकरणाचं वेळापत्रक मात्र डोळ्यांच्या आणि बालरोगाच्या डॉक्टरांना एकत्र विचारून ठरवा, कारण पोटातून स्टिरॉइड चालू असेल तर जिवंत लसी, म्हणजे कमजोर केलेले जिवंत जंतू असलेल्या लसी, थांबवाव्या लागतात.

टाके

मोठ्यांचे टाके वर्ष-वर्ष राहतात. बाळाची जखम भराभर भरते, म्हणून वर्षाखालच्या बाळाचे टाके बहुतेकदा महिना-दीड महिन्यापासून काढायला घेतात, दोन-तीन वर्षांच्या मुलात दोन-तीन महिन्यांनी, शाळकरी मुलांत आणखी उशिरा. प्रत्येक वेळी भूल लागते. पालक कंटाळतात, मलाही कळतं. पण सैल टाका म्हणजे डोळ्यात अडकलेलं कुसळ. त्यावर चिकट स्राव साठतो, जंतू बसतात, रक्तवाहिन्या आत शिरतात, आणि रक्तवाहिन्यांच्या वाटेने शरीर काचेला नाकारायला येतं. एका घराने कापूस वेचणीत दोन भेटी चुकवल्या. तिसऱ्या भेटीत मी टॉर्च मारला तेव्हा दोन टाके सुटून लोंबत होते आणि काच दुधाळ झाली होती. तेव्हापासून मी पहिल्या दिवशीच विचारते, तुमचा हंगाम कोणता, आणि भेटी त्याप्रमाणे लावून घेते.

रोज सकाळी एकाच जागी, खिडकीजवळ, डोळ्याचा फोटो काढा. डोळा लाल होणं, पाणी, उजेडात मिटणं, काच धुरकट होणं, बाळ चिडचिडं होऊन तो डोळा उघडायलाच नकार देणं, यातलं एक जरी दिसलं तर त्याच दिवशी हॉस्पिटल. नाकारण्याची सुरुवात पहिल्या दिवसांत पकडली तर वाढवलेल्या थेंबांनी काच पुष्कळदा वाचते. आठवडा गेला तर फार कमी. स्टिरॉइडमुळे दाबही वाढतो, त्यासाठी दाब प्रत्येक भेटीत मोजून घ्या, कोणी विसरलं तर आठवण करा.

बघायला शिकवणं

काच स्थिरावली की काही आठवड्यांतच चष्मा लागतो, कधी कॉन्टॅक्ट लेन्स. काचा पॉलीकार्बोनेटच्या घ्या, त्या फुटत नाहीत. मग चांगल्या डोळ्यावर पट्टी, डॉक्टरांनी सांगितले तितके तास. हे सर्वात कठीण काम. मुलाला त्या वेळात कमी दिसतं, ते रडतं, पट्टी ओढतं. पट्टी लावून नुसतं बसवू नका. खायची वेळ, पाण्यात खेळण्याची वेळ, रंगीत बांगड्या ओवण्याची वेळ पट्टीची ठेवा. पहिल्या आठवड्यात अर्धा तास टिकला तरी चालेल, रोज थोडा वाढवा. हे साधारण सात-आठ वर्षांचं होईपर्यंत, मध्ये मध्ये बदलत, चालू राहतं.

शाळेत बाईंना लिहून द्या: पहिला बाक, संरक्षक चष्मा, कुस्ती आणि कडक चेंडूचं क्रिकेट नाही. पूर्ण जाडीच्या रोपणाचा सांधा मूळच्या डोळ्याइतका मजबूत कधीच होत नाही. वर्षांनंतरही कोपर लागून तो उघडू शकतो.

काच पुन्हा पांढरी झाली तर

सगळं नीट करूनही कधी काच टिकत नाही. पीटर्ससारख्या गुंतागुंतीच्या डोळ्यांत हे जास्त घडतं. आई पहिल्यांदा विचारते, "माझा एक थेंब चुकला होता, त्यामुळे का?" नाही, एका थेंबाने नाही. दुसरं रोपण करता येतं, पण दरवेळी टिकण्याची शक्यता घटते, म्हणून पुन्हा तेच प्रश्न विचारून ठरवा. ते होईपर्यंत, आणि झालं नाही तरी, मुलाला असलेल्या नजरेवर वाढवायचं काम थांबत नाही. त्याच महिन्यात दृष्टी पुनर्वसन विभागात नाव घाला, दिव्यांगत्वाच्या यूडीआयडी कार्डासाठी अर्ज करा. नॅब म्हणजे अंधांसाठी काम करणारी संस्था (नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड), तिच्या शाखा जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत, तिथे तान्ह्या मुलांसाठीही शिक्षक भेटतात. अंगणवाडीचं वय झालं असेल तर अंगणवाडी चालू ठेवा. डोळ्याची फाइल वेगळ्या पिशवीत, ऑपरेशनचे कागद, दाबाचे आकडे आणि चष्म्याचे जुने नंबर तारखेने लावून, पुढच्या डॉक्टरांसाठी तयार असू द्या.